भूपालआण्णांची ओतीव गाडी

भूपालआण्णा मगदूम यांच्या हातात कोणतीही वस्तू द्या, ते आधी तिचं वजन करतात. तराजूवर नाही, तळहातावर. वस्तू जरा वर-खाली झुलवायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल सांगायचा. निकाल दोनच आहेत, "वजन हाय" किंवा "वजन न्हाई". पहिला मी फार कमी वेळा ऐकला आहे.

आहेरात आलेलं पातेलं, पुतण्याचा नवा मोबाईल, आमच्या हिनं दिवाळीला पाठवलेली चकली, सगळं त्या तळहातावरून गेलेलं आहे. माझ्या नातवाच्या बारशाला बायका बाळाचं नाक कुणावर गेलं यावर वाद घालत होत्या. आण्णांनी बाळ उचललं, झुलवलं आणि भर कार्यक्रमात मोठ्यानं म्हणाले, "कास्टिंग चांगलं आलंय." माझ्या सुनेचं माहेर पुण्याचं. हे कौतुक होतं, हे त्या मंडळींना अजून पटलेलं नाही.

आण्णांनी उभी हयात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लोखंड ओतण्यात घालवली. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतकामाचं लोखंड, ओतायचं, थंड झालं की फोडून वस्तू बाहेर काढायची. जगातली प्रत्येक गोष्ट अशीच तयार व्हायला हवी आणि जी तशी होत नाही ती कमअस्सल, असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी रंकाळ्यावर फिरतात, आपल्या साखरेचे आकडे एकमेकांना सांगतात. आण्णांनी गाडी घेतली.

मी त्यांचा शेजारी. हायस्कुलात भूगोल शिकवायचो, त्यामुळे ते मला 'सर' म्हणतात आणि माझं काहीही ऐकत नाहीत. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक सामायिक बोळ आहे. तिथं माझी स्कूटर सुखानं नांदत होती. आता ती रस्त्यावर असते आणि कुत्री तिच्यावर आपला हक्क सांगून जातात.

गाडी बिद्रीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर सापडली. "सर, चला, एक वस्तू बगून यू," एवढंच सांगून आण्णांनी मला नेलं. वस्तू चिपाडाच्या ढिगाखाली होती. ढीग बाजूला केल्यावर आधी छप्पर दिसलं, मग छपराला पडलेली भोकं दिसली, मग भोकांतून आतलं जग दिसलं. ज्या बुटक्या, गोलमटोल गाडीला आपल्याकडे सगळे 'डुक्कर गाडी' म्हणायचे, ती ही. कंपनीचं नाव मी सांगत नाही, उगाच बिचाऱ्यांच्या मनाला लागायचं. रंग कुठला होता हे मालकाला आठवत नव्हतं. दरवाजा उघडायला गेलो तर हँडल माझ्या हातात आलं. मी ते आण्णांना दिलं. त्यांनी झुलवून पाहिलं आणि म्हणाले, "वजन न्हाई. खरं सांगाडा चांगला हाय."

मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हणाला, "पावणं, उटवतो की तिला. आत्ता घिऊन जावा गाडी."

आण्णा जैन. मुंगी चिरडली तरी दिवसभर चुटपुटणारा माणूस. ते म्हणाले, "बसू दे तिला. जीव हाय त्यो. पिल्ली निगाली की नेतो." मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी भूगोल शिकवणाऱ्या माणसासारखं दूर डोंगराकडे पाहिलं. त्यानंतर पिल्लं निघेपर्यंत दर रविवारी आम्ही बिद्रीला जात होतो, कोंबडीची तब्येत विचारायला. लोक लग्नाची तारीख ज्योतिषाला विचारून ठरवतात. आमच्या गाडीची तारीख एका कोंबडीनं ठरवली.

शेवटी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कॉलनीत आली. तिच्यामागोमाग एक भंगारवाला दोन चौकांपासून आशेनं चालत आला होता. आण्णांच्या मंडळी सुमतीकाकू भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. घरात नवी सून येऊ दे नाहीतर दवाखान्यातून माणूस येऊ दे, आमच्याकडे तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत घेत नाहीत. काकूंनी गाडीवरून तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं आणि विचारलं, "ही चालती?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

"मग बरं हाय," म्हणून काकू आत गेल्या.

काकूंचं म्हणणं समजायला एक गोष्ट माहीत पाहिजे. त्यांना गाडी लागते. म्हणजे तुम्हाआम्हाला घाटात लागते तशी नाही. काकूंना रिक्षा लागते. एसटी नुसती स्टँडवर उभी असली तरी लागते. टीव्हीत कुणी वळणावळणाच्या रस्त्यानं गाडी हाकताना दिसलं, की त्या चॅनल बदलतात. भाजी, देऊळ, दवाखाना, जिथवर पाय नेतील तिथवर काकूंचं जग.

आणि त्यांची एकुलती एक थोरली बहीण आक्का राहते आजऱ्याला. आक्काचे मालक गेले तेव्हा काकू पुतण्याच्या नव्याकोऱ्या गाडीतून निघाल्या होत्या. वाटेतल्या कागलपर्यंतच पोचल्या. तिथं रस्त्याकडेला इतक्या ओकल्या की थेट डॉक्टरकडं न्यावं लागलं आणि तिथूनच माघारी आणलं. सगळे सोयरेधायरे आक्काच्या दारात पोचले, पाठची बहीण तेवढी पोचली नाही. आता आक्काच अंथरुणाला खिळली होती. रोज संध्याकाळी फोन यायचा. आमची भिंत पातळ आहे आणि काकू फोन दूर धरून बोलतात, त्यामुळे आक्काचा आवाज आमच्या स्वयंपाकघरातही येतो. "सुमे, डोळं मिटायच्या आत एकदा तोंड दाखीव की गं."

"येते की गं आक्का. पाऊस कमी हू दे."

पाऊस कमी झाला की ऊसतोड सुरू व्हायची, मग "रस्त्यावर ट्रॅक्टर लई असत्यात" असं व्हायचं. ट्रॅक्टर संपले की ऊन. काकूंकडे बाराही महिने पुरतील एवढ्या सबबी होत्या. फोन ठेवला की भिंतीपलीकडे बराच वेळ भांडं वाजायचं नाही. आण्णा तेव्हा व्हरांड्यात बसलेले असत. या फोनचा आणि त्या गंजक्या गाडीचा काही संबंध असेल, हे कॉलनीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच, कारण माझ्या डोक्यात स्कूटर होती.

पावसाळाभर आण्णांनी गंज घासला. सकाळी चहा झाला की काचकागद घेऊन बोळात. खर्र खर्र आवाज दुपारपर्यंत चालायचा. दोन्ही घरांच्या भिंती तांबड्या झाल्या. माझा पांढरा सदरा दोरीवर वाळत घातला होता, तो उतरवला तेव्हा मी कुठल्याशा पंथात सामील झाल्यासारखा दिसत होतो. उघडीप बघून आमच्या हिनं ऊन द्यायला काढलेल्या कुरडयांवर तांबूस थर बसला. ती तक्रार घेऊन गेली, तेव्हा आण्णा शांतपणे म्हणाले, "वैनी, लोकंड हाय त्यात. अंगाला चांगलं."

गंज निघाला आणि गाडीत गंजाशिवाय फारसं काही नव्हतं हे उघड झालं. सुटे भाग लागणार होते. जुन्या गाड्यांचे भाग बाजारात मिळतात. इंजिनाचं काम बघणारे बापू मिस्त्री हे सांगायला आले, सोबत एक तयार हँडलही घेऊन आले. आण्णांनी ते तळहातावर घेतलं. पुढचा निकाल तुम्हाला माहीत आहे.

मग सुरू झालं ओतकाम. आण्णा लाकडाचा नमुना स्वतः तासायचे, तो पिशवीत घालून शिरोलीला जुन्या फौंड्रीत जायचे, आणि संध्याकाळी पिशवीच्या वजनानं एका खांद्याकडे वाकत परत यायचे. बिडाचा तवा तुमच्या घरात असेल तर कल्पना येईल. आमच्या गाडीला तसलं हँडल लागलं. त्या वजनानं दार लोंबायला लागलं, म्हणून दाराला बिडाच्या बिजागऱ्या आल्या. तेव्हा गाडी एका अंगाला कलली. साध्या माणसानं अशा वेळी हँडल काढलं असतं. आण्णांनी दुसऱ्या अंगाला बरोबरीचं वजन म्हणून बिडाचं पायदान ओतलं. त्यामुळे मागचा भाग बसला आणि नाक वर गेलं. नाक खाली आणायला बिडाचा बंपर. मग मधे काहीतरी हलकं राहिलं म्हणून सीटखाली बिडाच्या पट्ट्या. कोल्हापुरात गणपतीत मंडळं एकमेकांशी चढाओढ करतात, इथं गाडीचं पुढचं टोक मागच्या टोकाशी चढाओढ करत होतं.

बापू मिस्त्रींनी एकदा कपाळाला हात लावला. "आण्णा, ह्ये इंजिन चार मानसं वडायसाटनं केल्यालं हाय. तुमी त्येला आख्खी फौंड्री वडाय लावलायसा."

"वडंल की. सवय हुईल त्येला."

"वडंल, खरं चढाला सरास्नी उतरून ढकलाय लागंल."

'सरांना' हा निर्णय माझ्या गैरहजेरीत झाला होता.

खंडेनवमीला गाडी सुरू झाली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं, यंत्रं, गाड्या सगळ्यांची पूजा असते. आण्णांनी गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. बापू मिस्त्रींनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थुंकली, काळा धूर सोडला आणि एकदम बोलायला लागली. पुढं सरकली तेव्हा इतर गाड्यांखाली लिंबू फुटतं तसा आवाजच आला नाही. बघितलं तर लिंबाची साल रस्त्याला नकाशासारखी चिकटली होती. कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. काकू खिडकीतून बघत होत्या. गाडी चालते म्हटल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. दिवाळीनंतर आण्णांनी नवाच प्रकार सुरू केला. मागच्या सीटवर काठोकाठ ताकानं भरलेलं पातेलं ठेवायचं आणि गाडी हायवेपर्यंत नेऊन आणायची. आल्यावर दार उघडून सीटकडे वाकून बघत बसायचं. मग उतरून टायरची हवा जरा कमी करायची, सीटखाली एखादी बिडाची पट्टी इकडची तिकडे सरकवायची आणि पुन्हा फेरी. आमच्या कॉलनीत असं बोललं जाऊ लागलं की आण्णांनी ताकाचा धंदा काढला असून गिऱ्हाईक सापडत नाही.

एका सकाळी मला पातेल्याशेजारी बसवलं. "हात लावायचा न्हाई, सर. निस्तं बगायचं, कुटं सांडतंय."

डेअरीसमोरच्या गतिरोधकावर ते माझ्या पँटवर सांडलं. मी ओरडलो. आण्णांनी गाडी थांबवली आणि मागं वळून विचारलं, "किती सांडलं?"

"आण्णा, माझी पँट गेली."

"पँट मरू दे. किती सांडलं?"

मी आयुष्यात प्रथमच त्यांच्यावर खरोखरीचा चिडलो. म्हटलं, वाट्टेल ते ओता, स्कूटर रस्त्यावर लावायला लावा, पण ताक कशाला? निदान पाणी तरी न्या.

"पान्याचा डाग वाळला की दिसत न्हाई," आण्णा म्हणाले. मग स्टिअरिंगकडं तोंड फिरवून, जरा हळू आवाजात म्हणाले, "सर, हिचं पोट म्हंजे ह्ये पातेलं समजा. आताच्या गाड्या हलक्या. उड्या मारत्यात. पोटातलं ढवळतंय त्येनं. वजन असलं की गाडी भुईला धरून जाती. ज्या दिशी ह्यातलं थेंबभर सांडनार न्हाई, त्या दिशी हिला आजऱ्याला न्यायची."

हँडल, बिजागऱ्या, बंपर, ते सगळं बीड डोळ्यांपुढून गेलं. ज्याला आम्ही वर्षभर खुळा म्हणत होतो, तो माणूस बायकोसाठी रस्ता सपाट करत बसला होता. मला भरून आलं. मांडीवर थंड ताक घेऊन भरून येणं फार अवघड असतं.

संक्रांतीनंतर एके दिवशी पातेलं भरलेलं गेलं आणि भरलेलंच परत आलं. आण्णांनी ते तसंच उचलून काकूंच्या पुढ्यात नेऊन ठेवलं आणि सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "ताक ओकत न्हाई. मी ओकते." पण त्याच संध्याकाळी आक्काचा फोन आला आणि या खेपेस आक्का "ये" म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. तुला तरास." त्यावर भिंतीपलीकडे काकू रडल्या आणि सकाळी जायचं ठरलं.

काकू मागं बसल्या. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात आलेपाक, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. मी पुढं, ढकलण्याच्या बोलीवर. आण्णांनी गाडी अशी सोडली की चाललीय की उभी आहे हे झाडांकडे बघूनच कळत होतं. सायकलवरचा दूधवाला आम्हाला ओलांडून गेला. मग उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट पुढं गेला आणि जाता जाता ड्रायव्हरनं वाकून विचारलं, "पावणं, ढकलाय पायजे काय?"

"नको. तुमी व्हा फुडं. तुमचा ऊस वाळंल," आण्णा म्हणाले.

ते सरळ समोर बघत होते. आरसा त्यांनी वर करून ठेवला होता. "आपुन बगतोय असं कळलं की तिला मुद्दाम हुतंय," असं त्यांनी निघताना माझ्या कानात सांगितलं होतं. पण थोड्या थोड्या वेळानं ओठ न हलवता विचारायचे, "रंग कसा हाय?" मी चोरून मागं बघायचो आणि "बरा आहे" म्हणायचो. कागल आलं तेव्हा गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. ज्या ठिकाणी पुतण्याची गाडी थांबली होती ते ठिकाण आलं आणि मागं पडलं. पुढं एका चढाला बापू मिस्त्रींची भविष्यवाणी खरी ठरली आणि मी उतरलो. धापा टाकत परत बसलो, तेव्हा काकूंनी आलेपाकाची वडी माझ्यापुढं केली. म्हणाल्या, "तुमास्नीच जास्त गरज दिसती."

आजऱ्याला पोचलो. आक्काची कॉट पुढच्या सोप्यातच होती. काकू आपल्या पायांनी पायऱ्या चढून गेल्या. पिशव्यांचा गठ्ठा तसाच कोरा हातात होता.

आक्कानं बराच वेळ बघितलं. "आलीस व्हय?"

"आले."

"ओकलीस?"

"न्हाई."

मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. आण्णा रेडिएटरमध्ये पाणी बघायला बाहेर गेले. पाणी भरपूर होतं. मीही गेलो आणि आम्ही दोघांनी ते बराच वेळ बघितलं.

दुपारी परत निघायच्या वेळी काकू दारात येऊन म्हणाल्या, "मी ऱ्हाते हितंच. आक्का उटून बसंस्तवर."

"ऱ्हा की. मला काय हुतंय?" आण्णा म्हणाले, तेही इतक्या मोठ्यानं की शेजारच्या माणसानं काय झालं म्हणून डोकावलं.

काय होतंय ते पुढच्या दिवसांत कॉलनीला दिसलं. भाकरी करपल्याचा वास रोज यायला लागला. आमची ही डबा द्यायला गेली, तर "जमतंय की मला" म्हणून परत पाठवला आणि अर्ध्या तासानं स्वतः येऊन डबा घेऊन गेले. फोन रोज व्हायचा. आक्का बरी होती, उठून बसायला लागली होती, भिंतीला धरून चार पावलं टाकत होती. काकू मात्र येते म्हणत नव्हत्या आणि आण्णा ये म्हणत नव्हते. शिरोलीची फेरी बंद झाली. बोळात काचकागदाचा आवाज येत नव्हता आणि मला, कधी नव्हे ती, त्याची आठवण यायला लागली.

परवा संध्याकाळी मी दूध घेऊन येत होतो. बोळात गाडीचं दार उघडं होतं आणि आण्णा मागच्या सीटवर बसलेले होते, काकूंच्या जागेवर.

"काय बघताय आण्णा?"

"हितनं काय दिसतंय त्ये." ते पुढच्या सीटकडे बोट दाखवत म्हणाले, "काय बी दिसत न्हाई, सर. फुडं मी बसनार. म्हंजे निस्ती माझी मान. रस्ता न्हाई, झाडं न्हाईत. येवडा येळ हितं बसून मानूस कटाळंल की. म्हनून यीना झालीया ती. फुडची सीट बुटकी करून ओतून घेतो म्हनतो."

मी दुधाची पिशवी टपावर ठेवली आणि आजऱ्याला स्वयंपाकघरात चहा पिताना जे ऐकलं होतं ते त्यांना सांगितलं. आक्कानं काकूंना विचारलं होतं, की तुला एवढी लागते आणि आज कशी गं लागली नाही? त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "रस्त्याकडं बगितलंच न्हाई. ह्यांच्या मानंकडं बगत आले. ती जाग्यावरनं हालत न्हवती, मग पोट बी हाललं न्हाई."

आण्णांनी विचारलं, "बिडामुळं न्हवं?"

"बिडामुळंपण असेल," मी म्हणालो. असं मन राखून बोलायचा माझा स्वभाव नाही, पण बोललो.

आण्णांनी मानेवरून एकदा हात फिरवला. तिथले पांढरे केस कॉलरवर आले होते. ते गाडीतून उतरले, दार हळूच लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी आनाय जातो तिला. त्येच्या आदी कटिंग करून घ्याय पायजे."